मानेकडचा रंग

— नाही हो, आज नाही व्हायचं ते. वारा बघा की. पहाटेपासून नुसता भणभणतोय, कोरडा खडखडीत, आणि वर हे असं ऊन की दोरीवरचे कपडे वाळून पत्र्यासारखे वाजायला लागलेत. आभाळात औषधाला ढग नाही. तो पडदा बघा, कसा आत ओढतोय नि बाहेर सोडतोय — घराला धाप लागल्यासारखी. असल्या हवेत फुलाच्या मागचा रंग भरायला घ्यायचा म्हणजे आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा. बसा ना. उभ्या उभ्या काय बोलणं? ती लाकडी नको, तिचा एक पाय पाहुण्यांशी वैर धरतो. ती पत्र्याची घ्या. हां. आणि तो कागद असा सुरळी करून काखेत नका धरू — जाड कागद तो, एकदा वळण लागलं की हट्टी पोरासारखा, सरळ म्हणून होत नाही. द्या इकडे. पलंगावर आडवा करतो, कोपऱ्यांवर वजनं ठेवतो — हा बत्ता, हा डबा, ही माझी चप्पल — धुतलेली आहे हो, काळजी नको — आणि चौथ्या कोपऱ्यावर तुमचा फोन ठेवता का? नको? बरं, राहिलं. फडफडेल तो कोपरा जरा. साहेब म्हणू का तुम्हाला? तेही नको? मग पाहुणे म्हणतो. नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, माणसं राहतात.

काय म्हणालात? ताईंनी सांगितलं, तिथं एक जुना रंगारी राहतो, तो करून देईल — असं म्हणाली? हं. खोटं नाही त्यात काही. रंगारीच मी. जुना तर आहेच. भाऊपण आहे मी तिचा, पाठचा, सख्खा — ते सांगायचं राहिलं असेल. घाईत असते ती. मोठ्या माणसांना घाई फार. नाही नाही, तुम्ही कशाला ओशाळता? तुम्हाला ठाऊक नव्हतं, त्यात तुमचा काय दोष. पाणी घ्या, तांब्यात आहे.

तर वारा. तुम्हाला वाटत असेल, चित्राला नि वाऱ्याला काय देणंघेणं. आहे, फार आहे. मी उभा जन्म भिंती रंगवल्या. शाळा म्हणाल तर तिच्या भिंती रंगवल्यात, आत बसलो नाही फारसा. भिंत रंगवताना एकच गोष्ट सांभाळायची — कड. रंगाची ओली कड. जिथवर रंग आलाय तिथली कड सुकायच्या आत पुढचा हात तिला भिडला पाहिजे. मधेच तुम्ही बिडी प्यायला उतरलात, कुणाशी गप्पा मारत बसलात, की सुकलीच ती — आणि मग पुढून रंग लावला की तिथं पट्टा उठतो. जन्मात जात नाही तो पट्टा. घरमालक रोज सकाळी अंथरुणातून त्याच्याकडे बघतो आणि तुमचा उद्धार करतो. कागदावर तेच सगळं, फक्त भिंत लहान आणि भानगड मोठी. मधे फूल, पांढरं, कोरडं — त्याच्या भोवतीनं हा गडद रंग घेऊन फिरायचं. बोर्ड जरा तिरका, रंगाचा थेंब खालच्या कडेला टपोरा लोंबत ठेवायचा, आणि तो पुढं पुढं न्यायचा, गाय नेल्यासारखा — हाकलायचा नाही, नुसतं मागनं चालायचं. पाकळीशी आलं की श्वास धरायचा. ती वळेल तसं वळायचं. आणि एकदा सुरू केलं की दारात कुणी मेलं तरी उठायचं — जाऊ दे. म्हणजे उठायचं नाही, एवढंच. आज या वाऱ्यात एका पाकळीचं वळण होईस्तो मागचं सगळं वाळून मोकळं. पट्टेच पट्टे. वाघाच्या पाठीवर फूल ठेवल्यासारखं दिसेल.

त्या बश्यांवरची झाकणं नका उचलू — उचललीत. असू दे. धूळ बसते म्हणून झाकल्यात. हो, रंगच आहे. नाही, आजचा नाही, असाच पडलाय कधीचा. ओला आहे? हां, ओला दिसतोय खरा. झाकलेलं ओलंच राहतं. काळा वाटतो ना तुम्हाला? काळा नाही तो. डबीतला काळा कधी घ्यायचा नाही. तो लावला की कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं आणि फूल त्या भोकात पडतं. हा गर्द निळा, त्यात करपलेल्या मातीचा तपकिरी, आणि लालाचा थेंब — किती, ते सांगता नाही यायचं, डोळ्याला कळतं. आणि एका हातानं भागत नाही. ओला असताना गर्द दिसतो, वाळला की फिका पडतो, म्हणून पुन्हा वरनं दुसरा हात. दोन बश्या कशाला? अहो, काळोख काय सगळीकडे सारखा असतो? ही बशी तपकिरीकडे झुकलेली — हा खिडकीकडचा. ही निळ्याकडे — हा मानेकडचा. — कुणाची मान? फुलाची हो. फुलाला मान नसते का? देठाशी वळते ती. चहा टाकू का जरा?

नको तर नको. बघू तरी काय काढलंय तिनं. चष्मा कुठं — हां, डोक्यावरच. हं. — हं. — पेन्सिल हलली की हो तिची. इथं बघा, ही पाकळीची रेघ. पूर्वी ताई ही रेघ एका दमात ओढायची, पाण्यातनं मासा जावा तशी. आता थांबते, परत निघते, जिना चढणाऱ्या म्हातारीसारखी. कंप वाढलाय का हाताचा? जेवताना सांडतं का? तुम्हाला कसं ठाऊक असणार म्हणा, तुम्ही प्रदर्शनाच्या हॉलवाले. पण फूल चांगलं आहे, पाहुणे. आतली सावली बघा, किती पातळ — नुसत्या पाण्याला रंगाची शपथ घातल्यासारखी. एवढं अजून आहे तिच्या हातात. बाकी सगळा कोरा कागद. पांढरं फूल पांढऱ्या कागदावर — आत्ता असंच भिंतीला टांगलंत तर लोक चौकट बघून पुढं जातील. मागचं भरलं की मग ते दिसायचं. पांढरा रंग मागाहून लावता येत नाही का, असं विचारतील कुणी. येतो, पण तो कवळीसारखा दिसतो. पांढरं म्हणजे कागदच, राखलेला. जिथं माझा रंग थांबतो तिथं तिची पाकळी सुरू होते. हे गर्वानं नाही सांगत हो. दाराला चौकट लागते म्हणून काय चौकटीनं घर माझं म्हणायचं? आणि हे कंपाचं — ते मी भरताना सावरून घेतो. रेघेच्या जरा आतनं, जरा बाहेरनं. मागच्या काही चित्रांत असंच सावरलंय. तिलापण सांगितलं नाही. तिनं बघितलं असेल, पाकळी तिच्या रेघेपेक्षा सरळ आलीय ते. बघून गप्प बसली असेल. आम्ही दोघं त्या बाबतीत सारखे.

हीच खोली. तुम्ही बसलात ना, तिथं तिचं मोठं टेबल होतं, खिडकीला लागून. ही पुढची खोली ताईची, मागची आमची — माझी नि आमच्या हिची. ताई शाळेत चित्रकला शिकवायची. बाप म्हणाला होता, दोघांतलं एकच शिकवू शकतो. जिचा हात चांगला ती शिकली. बरोबर केलं त्यानं. मला अक्षरं बघितली की मुंग्या आठवायच्या. तिनं लग्न केलं नाही, तिचं तिचं. मी केलं. आणि नणंद-भावजय म्हणून घरात भांडी वाजायला पाहिजेत, तर यांची गट्टी! दोघी मिळून माझीच टिंगल. मी संध्याकाळी अंगावर ठिपके घेऊन यायचो, ही आतनं ओरडायची, 'वन्सं, तुमचे भाऊ आले बघा, आज कुठली खोली अंगावर घेऊन आलेत?' आणि ताई मान वर न करता म्हणायची, 'हिरवी. दवाखाना असेल.' आणि असायचा हो दवाखानाच. अशी नजर.

ऐकू येतंय का मशीन? भिंतीपलीकडे. त्या शेजारच्या मावशी. पडदे शिवतात, उशांचे अभ्रे शिवतात, आणि मधनंमधनं माझे कान उपटतात. आमची ही अंथरुणाला खिळली तेव्हा मावशी रोज मशीन बंद करून यायच्या, हिचे केस विंचरायला. हिला हात वर होईनात. आणि केस तर असे — खाटेवरनं खाली लोंबायचे, जमिनीला टेकायचे. मी एकदा विंचरायला घेतले, तर ही म्हणाली, 'अहो, भिंत नाही ती.' हसली होती. त्या दुखण्यात हसली. मग मी आपला नुसता बसायचो. मावशी विंचरायच्या, मी बघायचो. खिडकी उघडी असायची. — असो. असो. कुठं होतो आपण?

हां, कुणा दुसऱ्याकडनं भरून घ्यावं, असं म्हणत होतात. घेतलं की. ताईची ती शिष्या, जिच्याकडे आता ती राहते, तिनं एकदा भरून बघितला. चांगली मुलगी, मनानं वाईट नाही. पण डबीतला काळा घेतला तिनं, चकचकीत, बुटाला लावतात तसा. फूल त्याच्यावर असं दिसायला लागलं — फ्रीजवर पोरं चित्रं चिकटवतात ना, तसं. ताईनं ते फाडलं म्हणे. मग पुढचा कागद पुन्हा माझ्याकडे. निरोप नाही, काही नाही, नुसता कागद. मी समजलो.

पहिलं कसं झालं ते सांगू? ही गेली. गेली म्हणजे गेलीच. मग मी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायला लागलो. कामाचं बोलावणं आलं तरी उठेना. मुकादम दारात येऊन शिव्या देऊन गेला, मी ऐकून घेतल्या, मान पण वळवली नाही. ताईनं आधी समजावलं, मग रागावली, मग एक दिवस — ढगाळ दिवस होता, वारा पडलेला, आज पाहिजे होता तसा — बोर्डावर ताणलेला कागद आणून माझ्या मांडीवर आदळला. पांढरं फूल. म्हणाली, 'हे भर.' म्हटलं, काय भरू? 'मागचं. काळं कर. भिंती येतात ना तुला? ही भिंतच समज. मधे एक फूल उगवलंय, त्याला लागू देऊ नको.' तोवर तिच्या चित्रांत मागं नुसता पिवळट धुरळा असायचा. कुणी घ्यायचं नाही. शाळेतल्या बायका एकमेकींच्या वाढदिवसाला फुकट न्यायच्या. मी म्हटलं, 'काळं म्हणजे कसलं काळं, ताई?' तर म्हणाली, 'तुला जसं दिसतंय तसं.' आणि चहा करायला आत गेली. मला वाटतं रडली असणार आत, कारण चहाला फारच वेळ लागला.

ते तिनं केलं. ते मी नाही विसरलो. मला त्या भिंतीपासून उठवलं ते तिनंच, दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. म्हणून तर पुढं कागद आला की भरला, आला की भरला. कधी हूं की चूं नाही. विचारा मावशींना.

ते पहिलं चित्र कुणीतरी विकत घेतलं. मग दुसरं. मग म्हणे नंबर लावायला लागले लोक. ताई शाळा सोडून चित्रंच करायला लागली. तिची सही बघितलीत ना? खाली उजव्या कोपऱ्यात, पांढऱ्या रंगानं. माझ्या काळोखात. बरोबर आहे, गडदावर पांढरंच उठणार. मी कशानं करणार सही? माझ्या रंगानं केली असती तर मलाच परत सापडली नसती. — हसा हो, हसायलाच सांगतोय. नाव मला नकोच होतं. भिंत रंगवून झाल्यावर कोण सही करतं?

आणि ती चार पाकळ्यांची गंमत! पाच पाकळ्यांचं फूल होतं. मी पाचवीशी आलो, श्वास धरलेला, आणि आली शिंक. ब्रश गेला पाकळीवर. आता पुसता येतंय थोडंच? इकडे कड सुकायला लागलेली. मग काय करतो, अख्खी पाकळीच काळोखात नेली. राहिल्या चार. ताईनं बघितलं, कपाळावर हात मारला — 'अरे गाढवा, असलं कुठल्या झाडावर येतं?' दुसरं चित्र तयार नव्हतं म्हणून प्रदर्शनात तेच टांगलं. आणि तिथं कुणीतरी विचारलं, बाई, पाचवी पाकळी कुठाय? ताई जराही अडखळली नाही. म्हणाली, 'ती माझी गेलेली वर्षं आहेत.' घरी येऊन सांगितलं तिनं, आणि आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. ही गेल्यावर पहिल्यांदा हसलो मी. पण मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. शिंक माझी, वर्षं तिची.

मग ती शिष्येच्या घरी गेली राहायला. काचेचं छत आहे म्हणे, उजेड चांगला. जावं माणसानं उजेडात. मी एकदा भेटायला गेलो, तर फाटकावरचा माणूस मला खालून वर बघतो नि विचारतो, कुठली भिंत रंगवायचीय? म्हटलं, कुठली नाही, चुकलो. आणि परत आलो. त्याचंपण मी मनात ठेवलं नाही. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? तुम्हाला तरी काय ठाऊक होतं?

पण आता हे. परवा मावशी दारात येऊन म्हणाल्या, 'अहो, या लवकर, तुमच्या ताई बोलताहेत फोनवर.' मला वाटलं, माझ्यासाठीच फोन. धावत गेलो. तर ती मुलाखत. बसलो बघत. ताईला बघून बरं वाटलं, केस सगळे पांढरे झालेत, शोभतात तिला. समोरचा पोरगा विचारतो, फुलांबद्दल सगळेच बोलतात, पण त्यांच्यामागचा हा काळोख कुठून आला? — मी सरसावून बसलो हो. आता या वयात! हसू येतं. पंगतीत वाढत वाढत आपल्यापर्यंत आलं की ताट कसं आपोआप नीट करतो आपण, तसा. ताईनं पाण्याचा घोट घेतला. आणि म्हणाली, 'आतून. मी जन्मभर एकटी राहिले. त्या एकटेपणाचा रंग आहे हा. तो मी कुणाकडून घेतला नाही.' — एकटी! अहो, मागच्या खोलीत मी खोकत होतो. स्वयंपाकघरात ही हसत होती. एकटी म्हणे. आणि 'कुणाकडून घेतला नाही' — हे विचारलं होतं का त्या पोरानं? कुणी विचारलं होतं? तुम्ही ऐकलंत ना ते? हं? — हॉलमध्ये भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावणार आहात? लावा, लावा. मला कुठं वाचता येतंय. माझं काय जातंय.

मावशींनी फोन पालथा घातला.  कात्रीसारखी जीभ त्या बाईची, कुणाची भीड ठेवत नाहीत, आणि त्या गप्प. मी उठलो तर दार हळू लावलं. एरवी आपटतात.

नाही हो. नाही. तुम्हाला अजून कळलं नाही. खाली बारीक अक्षरांत माझं नाव घालून काय करू? तिनं म्हणावं, हे सगळं मीच भरलं. म्हणू दे. हात माझा, ब्रश माझा, दुसरा कुणी नव्हताच — म्हणू दे की. मी रंगारी, लोकांची घरं रंगवली आणि माझ्या घरी आलो, एकाही घरात राहायला मिळावं असं कधी वाटलं नाही. पण तो काळोख तिचा नाही. माझापण नाही. कुणाचा आहे ते तिला ठाऊक आहे. चांगलं ठाऊक आहे. मला कळायच्या आधी नाही, पण माझ्याबरोबरच कळलंय तिला, याच खोलीत.

काय? — हो. पडला वारा. बघितलं मीपण. तो चौथा कोपरा केव्हाचा गप्प आहे. आभाळपण भरून आलंय, खोलीत बघा किती मऊ उजेड झाला. लक्ष आहे तुमचं. आता हवा अशी आहे की मागून मिळायची नाही. मग खरंच सांगतो — त्या बश्यांतला रंग आजचाच. तुम्ही येणार हे मावशींकडे कळवलं होतं तुमच्या लोकांनी, तर सकाळी उठून, खिडकी लावून, कालवून ठेवला. ब्रशपण भिजत घातलाय, तो काय पेल्यात. म्हटलं, म्हातारी झालीय, हात कापतो, हे तिचं शेवटचंच असेल. लोक बघतील, हसतील त्या रेघेला. भरून टाकू. माझं राहिलंय किती नि तिचं राहिलंय किती. मनाशी एवढंच होतं, की पाहुणे आल्यावर काहीतरी निरोप देतील. 'भावाला सांगा' — पुढं काही नसलं तरी चाललं असतं. आणि तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, जुना रंगारी. मग मला वारा दिसला.

थांबा. घेतो ब्रश. बघू या. — हा बघा थेंब कसा धरलाय, टपोरा. मानेकडचा. इथनं सुरू करायचं, वरच्या कोपऱ्यातनं, आणि या पाकळीशी — हात बघा माझा. कापतोय का? दगड आहे. तिच्याहून फार लहान नाही मी, तरी दगड. हात नाही म्हणतच नाही. — नाही. नाही हो, नाही होत. ठेवा तो पेला तिकडे. पडेल थेंब कागदावर, फूल जायचं उगीच. फुलानं काय केलंय?

न्या हा. सुरळी सैल करा, आवळू नका. मधली भिंत रिकामी ठेवलीय म्हणता ह्याच्यासाठी — तर असाच लावा, कोरा. एकटी होती ना, मग फूलपण एकटं राहू दे, मागं कुणी नको. चला. जपून, ती पायरी अर्धी तुटलीय. पावसाच्या आत पोचाल, कागद भिजवू नका.

तिला काय सांगू म्हणता? वारा होता म्हणून सांगा. — नको, वारा नको. तिच्याकडे काचेचं छत आहे, तिला दिसत असेल पडलेला. असं करा. पहिलं चित्र आठवतंय का विचारा. ढगाळ दिवसातलं. दुसरा हात देऊन या खिडकीत उभं केलं होतं वाळायला. ताई कपबशी धरून इथं, जिथं तुम्ही उभे आहात, आणि मी तिच्या शेजारी. मी काय कालवलंय ते मलाच ठाऊक नव्हतं, दिसलं तसं कालवलं होतं. तेवढ्यात शेजारच्या मावशी आल्या. हातात हिचा कंगवा, त्यांच्याकडे राहिलेला, परत द्यायला आणलेला. चित्रापाशी थबकल्या.  मग हात उचलला, लावला नाही कागदाला, नुसता वरनं खाली नेला, सावकाश, फुलाला वळसा घालून. ताईनं कपबशी खाली ठेवली, चहा न पिताच. मावशींनी तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे तर तिचे केस. फूल कुणी माळलं?"